टीएनटी 1.6: ब्राँटोसॉरस वेगळा जीनस मानायचा का, हे स्वतः तपासण्यासाठी

टीएनटी हे वंशवृक्ष काढायचं सॉफ्टवेअर आहे. पाब्लो गोलोबॉफ, जेम्स फॅरिस आणि केव्हिन निक्सन या तिघांनी ते तयार केलं, आणि विली हेनिग सोसायटीच्या पाठबळामुळे ते सगळ्यांना मोफत मिळतं. हाडांच्या लक्षणांवरून काढलेला डायनोसॉरचा वंशवृक्ष एखाद्या शोधनिबंधात दिसला, की फार वेळा तो यातूनच निघालेला असतो. इथलं परीक्षण एकाच कामापुरतं आहे: दोन सारख्या दिसणाऱ्या डायनोसॉरना एकाच जीनसमध्ये (म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटात) ठेवायचं की वेगळं काढायचं, या वादात हे सॉफ्टवेअर किती उपयोगी पडतं? त्यासाठी उदाहरण घेतलंय अपॅटोसॉरस आणि ब्राँटोसॉरसचं, कारण त्यांची सगळी आकडेवारी खुली आहे आणि कुणालाही ती पुन्हा चालवून बघता येते.

वाद थोडक्यात असा. ओथनील मार्श यांनी 1877 मध्ये अपॅटोसॉरस एजॅक्स आणि 1879 मध्ये ब्राँटोसॉरस एक्सेल्सस अशी नावं दिली. त्रिकास्थीत, म्हणजे कंबरेच्या हाडात, एकत्र जुळलेले मणके पहिल्यात तीन आणि दुसऱ्यात पाच, हा त्यांच्या दृष्टीने मोठा फरक होता. 1903 मध्ये एल्मर रिग्ज यांनी दाखवून दिलं, की त्रिकास्थीचे मणके वयानुसार जुळत जातात. एजॅक्सचा सांगाडा कमी वयाच्या प्राण्याचा आहे, म्हणून तिथे तीनच जुळलेले दिसतात. दोन्ही एकाच जीनसमधले ठरले आणि आधी दिलेलं नाव चालतं या नियमाने ब्राँटोसॉरस बाद झाला. शतकभर बहुतेकांनी हेच मानलं. मग 2015 मध्ये इमॅन्युएल चॉप, ऑक्टाव्हिओ मातेउस आणि रॉजर बेन्सन यांनी हे दोघं ज्यात येतात त्या सगळ्या डिप्लोडोसिड कुळाची फेरतपासणी केली: तक्त्यात नमुन्यांच्या 81 ओळी, त्यातल्या 49 डिप्लोडोसिड, आणि 477 लक्षणं. त्यांच्या मते ब्राँटोसॉरस पुन्हा स्वतंत्र जीनस ठरतो आणि त्यात एक्सेल्सस, पार्व्हस आणि याहनाहपिन या तीन जाती येतात. अपॅटोसॉरसमध्ये एजॅक्स आणि लुईसी राहतात. हा निबंध मोफत वाचायला मिळतो आणि त्याच्या पुरवणीत मॅट्रिक्सही, म्हणजे नमुने आणि लक्षणांचा तो तक्ताही, आहे. टीएनटीची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगला डेटा शोधूनही सापडायचा नाही.

विंडोजवर इन्स्टॉल करायची भानगड नाही. झिप फाइल उघडायची, आतला प्रोग्रॅम चालवायचा, परवान्याच्या अटी मान्य करायच्या. फोल्डरचं नाव छोटं ठेवा, त्यात जागा सोडू नका आणि देवनागरी अक्षरं टाळा. मॅट्रिक्सची फाइल आणि सोबत आलेल्या स्क्रिप्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर सुसंगती निर्देशांक (लक्षणं वंशवृक्षाशी किती जुळतात तो आकडा) काढणारी छोटी स्क्रिप्ट चालवायला गेलात की ती सापडतच नाही.

पहिला तास खातो तो डेटा. टीएनटीच्या फाइलमध्ये सुरुवातीला दोन आकडे लिहायचे असतात: आधी लक्षणांची संख्या, मग ओळींची. म्हणजे 477 आणि मग 81. उलटं लिहिलं की वाचन मध्येच तुटतं. फाइल वर्डमध्ये उघडून सेव्ह केली तर सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार होतात आणि टीएनटीला ती कळत नाहीत, म्हणून नोटपॅडच वापरा. तिथेही फाइलच्या नावापुढे विंडोज गुपचूप आणखी एक शेपूट जोडतं, ते बघून घ्या. नमुन्यांच्या नावात मोकळी जागा चालत नाही, तिथे अधोरेषा लागते. एखाद्या लक्षणाच्या दोन अवस्था एकाच नमुन्यात दिसत असतील तर त्या चौकटी कंसात लिहायच्या, आणि तो अख्खा कंस एकच घर धरला जातो. हा कंस बंद करायचा राहिला, किंवा एखाद्या ओळीत 477 ऐवजी 476 घरं भरली, तर चूक दाखवली जाते ती बऱ्याचदा पुढच्या नमुन्यावर. म्हणून ज्या ओळीवर गाडी अडली, तिच्या वरची ओळ आधी मोजा. स्वतःचा नमुना जोडायचा असेल तर मेस्क्वाइट या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तक्त्यासारखी घरं भरा आणि तिथून टीएनटीच्या रूपात फाइल बाहेर काढा. हाताने टाइप करण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

एक सापळा वेगळा सांगायलाच हवा. टीएनटी शून्यापासून मोजतं. निबंधातलं पहिलं लक्षण इथे शून्य क्रमांकाचं होतं, आणि दोनशेवं लक्षण 199 वं. याद्या ताडून बघताना हे विसरलं, तर मानेच्या मणक्याचा फरक म्हणून तुम्ही शेजारचंच कुठलंतरी लक्षण वाचत बसता, आणि सगळं इतकं व्यवस्थित दिसतं की शंकाही येत नाही. तसंच, वेगळं काही सांगितलं नाही तर फाइलमधली पहिली ओळ बाह्यगट, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला गटाबाहेरचा नातलग, धरली जाते. क्रमवार बदलणारी लक्षणं कोणती, हे निबंधात दिलेलं असतं. ती सेटिंग डेटा मेन्यूतल्या कॅरेक्टर सेटिंग्जमध्ये जाऊन लावा आणि मगच पुढे जा.

शोध सुरू करण्यापूर्वी सेटिंग्ज मेन्यूत मेमरीचा पर्याय उघडा. मूळ मर्यादा 81 ओळींच्या मॅट्रिक्ससाठी तोकडी पडते. जास्तीत जास्त किती वंशवृक्ष साठवायचे, तो आकडा निदान 50,000 करा आणि रॅमही वाढवा. मग अॅनालाइझ मेन्यूत दोन वाटा आहेत. ट्रॅडिशनल सर्चमध्ये 1,000 आवर्तनं आणि प्रत्येक आवर्तनात 10 वंशवृक्ष, टीबीआर पद्धतीने (फांदी तोडून दुसरीकडे जोडून बघायची), ही वाजवी सुरुवात. शेवटी काही आवर्तनं भरून वाहिली, म्हणजे 10 वंशवृक्षांची जागा पुरली नाही, असा संदेश आला तर घाबरायचं कारण नाही. मिळालेल्या वंशवृक्षांवरच टीबीआरची आणखी एक फेरी चालवा. न्यू टेक्नॉलॉजी सर्चमध्ये सेक्टोरियल सर्च, रॅचेट, ड्रिफ्ट आणि ट्री फ्यूजिंग या चारही पद्धती एकत्र लावता येतात. किमान लांबी (म्हणजे सगळ्यात कमी बदल लागणारा वंशवृक्ष) 20 वेळा वेगवेगळ्या सुरुवातींपासून सापडेपर्यंत शोध चालू ठेव, असं सांगता येतं. या कामात टीएनटीच्या वेगाला तोड नाही. साध्या लॅपटॉपवरही ते दमत नाही, आणि म्हणूनच एकदा निकाल बघून थांबण्याऐवजी दहा प्रकारे उलटतपासणी करायची मुभा मिळते. माझ्या मते या सॉफ्टवेअरचा खरा फायदा हाच.

नमुनागणिक एक ओळ, ही या मॅट्रिक्सची रचना फार मोलाची आहे. एका जातीचे सगळे सांगाडे मिळून एकच ओळ केली, तर ते एकाच जातीचे आहेत हे आपण आधीच गृहीत धरलेलं असतं. इथे प्रत्येक होलोटाइप, म्हणजे ज्या नमुन्यावरून जातीला नाव दिलं तो, स्वतंत्र उभा आहे, त्यामुळे कोण कुणाजवळ जातो ते बघता येतं.

आता मुद्द्याचं. कन्सेन्सस, म्हणजे मिळालेल्या सगळ्या वंशवृक्षांचा सामाईक वृक्ष, काढला की अपॅटोसॉरसचे नमुने एका फांदीवर आणि ब्राँटोसॉरसचे शेजारच्या फांदीवर, असं चित्र निबंधात आहे. म्हणजे ते एकमेकांचे सख्खे भाऊ. आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते: दोन फांद्या वेगळ्या दिसल्या, म्हणजे जीनस वेगळे सिद्ध झाले असं लोक समजतात. तसं नाही. शेजारशेजारच्या दोन फांद्यांना मिळून एक नाव द्या किंवा दोन द्या, वंशवृक्षाला दोन्ही मान्य आहे. त्याच निबंधातल्या दुसऱ्या प्रकरणाशी ताडून बघा. डिप्लोडोकस हाय ही जाती वंशवृक्षात डिप्लोडोकस आणि बॅरोसॉरस या दोघांच्या बाहेर पडते. तिला डिप्लोडोकसमध्ये ठेवायचं तर बॅरोसॉरसलाही डिप्लोडोकसच म्हणावं लागेल. तिथे वंशवृक्षानेच हात धरला आणि गॅलिअमोपस हे नवं नाव आलं. ब्राँटोसॉरसच्या बाबतीत अशी सक्ती नाही. तिथे प्रश्न उरतो तो अंतराचा: दोन फांद्यांत किती फरक पुरेसा?

हे अंतर मोजायला 2015 च्या निबंधात दोन पद्धती वापरल्या आहेत, आणि दोन्ही घरी करता येतात.

पहिली, बदल मोजणं. ऑप्टिमाइझ मेन्यूत सिनापोमॉर्फीजमध्ये जा आणि सगळ्या वंशवृक्षांत समान असलेल्या बदलांची यादी काढा. अपॅटोसॉरसच्या फांदीच्या बुडाशी आलेले बदल आणि ब्राँटोसॉरसच्या बुडाशी आलेले बदल, यांची बेरीज करा. दोघांच्या सामाईक फांदीवरचे बदल यात धरायचे नाहीत. ते तर दोघांना जोडणारे आहेत. मग हाच हिशोब ज्यांच्याबद्दल वाद नाही अशा जोड्यांसाठी करा आणि ताडून बघा. ही पद्धत प्रामाणिक आहे, कारण मोजपट्टी उघड्यावर ठेवलेली आहे. कुणालाही ती हलवून बघता येते.

पण आकडा वाचताना तीन गोष्टी डोळ्यासमोर हव्यात. एक, टीएनटी या यादीत निःसंदिग्ध बदलच धरतं. एजॅक्सच्या होलोटाइपमध्ये एखादं हाड नसेल आणि त्या घरात प्रश्नचिन्ह असेल, तर बदल नेमका कुठल्या फांदीवर झाला ते ठरत नाही आणि तो यादीतून गळतो. म्हणजे सांगाडे जितके अपुरे, तितका फरक कमी दिसतो. दोन, समान लांबीचे वंशवृक्ष जितके जास्त, तितकी सगळ्यांत समान असलेल्या बदलांची यादी आखूड. एकच भटका, अपुरा नमुना इकडून तिकडे उड्या मारत असेल तर तो दोन्ही जीनसचे आकडे खाली ओढतो. त्यासाठी ट्रीज मेन्यूत प्रून्ड ट्रीजची सोय आहे: कुठला नमुना काढला तर कन्सेन्सस किती सुधारतो, ते सॉफ्टवेअर स्वतः सांगतं. तो नमुना कन्सेन्ससमधूनच वगळा, शोधातून नको. तीन, कवटी. एक्सेल्ससच्या होलोटाइपला कवटीच नाही, त्यामुळे कवटीची लक्षणं कितीही बारकाईने मांडलेली असली तरी त्या सांगाड्याच्या ओळीत ती घरं रिकामीच राहतात. हा निवाडा मानेचा, पाठीचा, पायांचा आहे.

मान हे यातलं सगळ्यात डोळ्यांना दिसणारं हाड-प्रकरण आहे. अपॅटोसॉरसची मान जास्त रुंद आणि दणकट. ब्राँटोसॉरसची मान त्या मानाने उंच आणि कमी रुंद. दोघंही अवाढव्यच, पण अपॅटोसॉरसमध्ये हा दणकटपणा आणखी टोकाला गेलेला. मॅट्रिक्समध्ये मात्र हे असं लिहून चालत नाही. रुंदी भागिले उंची किंवा तत्सम गुणोत्तर घ्यायचं आणि कुठल्या आकड्याला अवस्था बदलते ते ठरवायचं. निबंधात संख्यात्मक लक्षणांचे तक्ते आणि अवस्थांची चित्रं दिली आहेत, ती बाजूला उघडी ठेवूनच काम करा. दगडाच्या भाराखाली मणका चेपला गेला असेल तर हे गुणोत्तर सरळ खोटं बोलतं. एकाच मणक्यावरून अवस्था ठरवू नका, आणि मानेतला कितवा मणका आहे हे जुळवल्याशिवाय दोन नमुन्यांची तुलना करू नका. मानेच्या सुरुवातीचा आणि शेवटचा मणका एकाच प्राण्यात वेगळे दिसतात.

दुसरी पद्धत जोडीजोडीने फरकाची टक्केवारी काढायची. याला टीएनटी लागतही नाही, एक्सेल पुरतं. दोन ओळी घ्या, दोन्हीत भरलेली घरं तेवढीच ठेवा, वेगळी किती ते मोजा आणि भागा. वंशवृक्षावर अवलंबून नसल्याने ही पद्धत पहिलीची चांगली साक्षीदार ठरते. मात्र सामाईक घरं किती आहेत ते टक्केवारीच्या शेजारी लिहाच. 30 सामाईक घरांत एका फरकाने आकडा 3.3 टक्क्यांनी हलतो. 300 घरांत तोच फरक 0.33 टक्के. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी ठेवले, तर अपुरे सांगाडे उगाचच टोकाचे दिसतात.

वयाबद्दल टीएनटीला काहीच कळत नाही. रिग्ज यांचा 1903 चा आक्षेप आजही या सॉफ्टवेअरवर जसाच्या तसा लागू पडतो. पार्व्हसचा होलोटाइप तर अगदी लहान पिल्लाचा आहे. वाढीबरोबर बदलणारी लक्षणं त्याच्या ओळीत बालरूपात भरली गेली, तर सॉफ्टवेअर ती आदिम लक्षणं समजतं आणि त्या नमुन्याला बुडाकडे ढकलतं. उपाय सोपा आहे आणि तो टाळू नका: त्रिकास्थीचं जुळणं, मणक्यांच्या सांध्यांचं बंद होणं अशी वयावर अवलंबून असणारी लक्षणं कॅरेक्टर सेटिंग्जमध्ये निष्क्रिय करा आणि शोध पुन्हा चालवा. मग पिल्लाची ओळ काढून आणखी एकदा. ब्राँटोसॉरसची फांदी या दोन्ही फेऱ्यांत टिकली आणि बदलांचा आकडा फारसा पडला नाही, तर वेगळ्या जीनसच्या बाजूने बोलायला जागा आहे. फांदीच विरघळली तर पुढे आकडे मोजण्यात अर्थ नाही.

इम्प्लाइड वेटिंग ही टीएनटीची खासियत. जे लक्षण वंशवृक्षात वारंवार उलटसुलट होतं, त्याचं वजन आपोआप कमी केलं जातं. ही सेटिंग डेटा फाइल उघडण्यापूर्वीच चालू करून ठेवा. तिच्यातला के हा स्थिरांक मुळात 3 असतो, आणि तो फार कडक आहे, म्हणजे अशा लक्षणांचं वजन फारच उतरवतो. नमुनागणिक मांडलेल्या अशा मॅट्रिक्ससाठी 12 च्या आसपास ठेवलेला बरा. समान वजन, के 3 आणि के 12 अशा तिन्ही फेऱ्या चालवून अपॅटोसॉरस व ब्राँटोसॉरसच्या फांद्या तिन्हीकडे उभ्या राहतात का, ते बघा. एकाच के वर आलेला निकाल घेऊन जीनसबद्दल बोलणं घाईचं.

फांदीची मजबुती तपासायला ब्रेमर (फांदी मोडायला किती जादा बदल लागतात) आणि रिसॅम्पलिंग (लक्षणं पुन्हापुन्हा निवडून फांदी किती वेळा येते) दोन्ही आहेत. ब्रेमरसाठी लांबीने किंचित जास्त असलेले वंशवृक्षही साठवावे लागतात. हे न करताच बटण दाबलं तर येणारा आकडा निरर्थक असतो. रिसॅम्पलिंगमध्ये प्रश्नचिन्हांनी भरलेल्या नमुन्यांमुळे टक्केवारी नेहमीच कमी येते, तेव्हा 50 च्या खाली आकडा आला म्हणून फांदी खोटी असं नाही. आधी भटके नमुने बाजूला करून आकडा बघा.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेल्या सांगाड्याला 1997 मध्ये सोहन जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी टायटॅनोसॉरस कोल्बर्टी असं नाव दिलं. टायटॅनोसॉरस हा जीनस मुळात रिचर्ड लिडेकर यांनी 1877 मध्ये जबलपूरच्या तुटपुंज्या हाडांवर, मुख्यतः शेपटीच्या मणक्यांवर, उभा केला होता. त्या मणक्यांची पुढून खोलगट, मागून फुगीर अशी घडण तेव्हा वेगळी वाटली. पुढे तीच घडण जगभरच्या कितीतरी सॉरोपॉडमध्ये, म्हणजे लांब मानेच्या अवाढव्य डायनोसॉरमध्ये, सापडली. 2003 मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी टायटॅनोसॉरस हे नावच निकामी ठरवलं आणि डोंगरगावच्या प्राण्याला इसिसॉरस हा स्वतंत्र जीनस दिला, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. जबलपूरच्या मणक्यांसारखा होलोटाइप टीएनटीमध्ये घातला, तर जवळजवळ सगळी घरं प्रश्नचिन्हांची असतील आणि तो वंशवृक्षभर हिंडत राहील. अशा वेळी दोष सॉफ्टवेअरचा नसतो. भारतीय जीवाश्मांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी जीनसचा प्रश्न हाती घेण्यापूर्वी होलोटाइपच्या ओळीत किती घरं भरतात, ते आधी मोजावं.

त्रुटी सांगायच्या तर मदतपुस्तिका त्रोटक आहे आणि आज्ञांचं व्याकरण डोक्याला ताप देतं. पूर्ववत करा असं बटण नाही. वंशवृक्षाची चित्रं छापण्याजोगी नसतात. ती बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट करावी लागतात. सगळ्यात महत्त्वाचं, काम सुरू करतानाच फाइल मेन्यूतून आउटपुट फाइल उघडा. पडद्यावरचा मजकूर वाहून गेला की कुठल्या सेटिंगवर कुठला निकाल आला, ते परत मिळत नाही.

आवृत्ती निवडताना मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्यांनी 2023 ची 1.6 च घ्यावी. त्याआधी या दोन्हींवर खिडक्या-मेन्यू नव्हते, सगळं आज्ञा टाइप करूनच चालायचं. विंडोजवाल्यांचं काम 2016 च्या 1.5 वरही अडत नाही. मात्र कुणाचा जुना निकाल पुन्हा काढून बघत असाल, तर आवृत्तीचा क्रमांक, वजनाची सेटिंग, के ची किंमत आणि निष्क्रिय केलेल्या लक्षणांचे क्रमांक त्याच आउटपुट फाइलच्या माथ्यावर लिहून ठेवा, आणि ते क्रमांक शून्यापासूनचे आहेत की एकपासूनचे, हेही.